देवपूरच्या जिजींचा विणकामाचा वर्ग: एका शिवणकाम करणारीचा अनुभव

धुळ्यात लोकरीचं विणकाम अगदी पायापासून शिकायचं असेल तर देवपुरातल्या जिजींच्या वर्गाला जा, असं मी आता ओळखीच्या प्रत्येकीला सांगते. मी कापडण्याची. ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिवते. कापड हातात आलं की ते कुठे ताणेल, कुठे उसवेल, कुठे झोळ येईल हे आधी बघायची सवय आहे. त्यामुळे ‘शिकवतात छान, स्वभाव गोड’ एवढं लिहून माझं समाधान होणार नाही. तिथे काय शिकवतात, कोणत्या क्रमाने शिकवतात आणि त्यातून हाताला काय येतं, तेवढं नीट सांगते.

वर्ग जिजींच्या घरीच, पुढच्या खोलीत भरतो. सोमवार आणि गुरुवार, दुपारी दोन ते चार. महिन्याची फी 500 रुपये, सुया आणि लोकर आपली आपण आणायची. सतरंजीवर आठ जणी बसतात, त्यापेक्षा जास्त बायका त्या घेत नाहीत. दुपारची वेळ खेड्यावरून एसटीने येणारीला सोयीची पडते, घरचं आवरून निघता येतं आणि दिवे लागायच्या आत परत पोचता येतं. माहिती इतकीच. आता मुद्द्याचं.

पहिला महिना एकही वस्तू विणायची नाही, हा जिजींचा नियम. टोपडं नाही, मोजे नाहीत, मफलर नाही. फक्त नमुन्याचे चौकोनी तुकडे. सुईवर 20-21 टाके घालायचे आणि एकेका विणीचा तळहाताएवढा तुकडा करायचा. तुकडा झाला की टाके बंद करून तो जिजींकडे न्यायचा. त्या तो आडवा ताणतात, उभा ताणतात, मुठीत दाबतात, सतरंजीवर सोडून बघतात, मग तोच आपल्या हातात देऊन विचारतात, ‘हाई काय करस? सांग.’ म्हणजे हे कापड वागतं कसं ते आपण सांगायचं. उत्तर येईपर्यंत पुढची वीण मिळत नाही. माझ्या मते या वर्गाचं सगळं मोल या एका प्रश्नात आहे. इतर ठिकाणी कागदावर ‘दोन सुलट, दोन उलट’ लिहून देतात, वस्तू तयार होते, पण ती वीण तिथे का घेतली हे विणणारीला कळत नाही. मग पुढच्या वेळी गळा सैल पडतो, खालची कड वळते, आणि बाई म्हणते मला जमत नाही.

सुरुवात सुयांपासून होते. आपल्याकडच्या दुकानांत निलगिरीत बनणाऱ्या पोनीच्या ॲल्युमिनियमच्या सुया सर्रास मिळतात. त्यांच्यावर जुन्या इंग्रजी मापाचे नंबर असतात आणि त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. 8 नंबरची सुई 4 मिलिमीटर जाड, 10 नंबरची सव्वातीन. शिलाई मशीन वापरणाऱ्या बायकांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं, कारण मशीनच्या सुईत 16 नंबर 14 पेक्षा जाड असतो आणि इथे बरोबर उलटं आहे. जिजी नव्या बाईला 8 नंबरच्या सुयाच आणायला सांगतात. मध्यम जाडीच्या लोकरीला त्या बेताच्या पडतात आणि प्रत्येक टाका वेगळा दिसतो. ॲल्युमिनियमच्या सुईवरून टाके घसरतात हे खरं. ज्यांच्या हाताला घाम येतो किंवा ज्यांचे टाके सारखे निसटतात त्यांना त्या बांबूच्या सुया घ्यायला सांगतात, त्यावर लोकर जरा धरून राहते.

लोकर फिकी हवी. आकाशी, लिंबू, फिकी गुलाबी. काळी, मरून, गडद निळी पहिल्या महिन्यात चालत नाही, कारण त्यात टाका दिसतच नाही, आणि टाका दिसला नाही तर शिकायचं काय? केसाळ, फुगीर लोकरही नको, उसवताना तिचे केस एकमेकांत अडकतात. बाजारात बहुतेक माल लुधियानाचा ॲक्रिलिकचा असतो, वर्धमान, ओसवाल वगैरे. शिकायला तो उत्तम. स्वस्त पडतो, पुन्हा पुन्हा उसवून विणता येतो, धुतला की लवकर वाळतो. एक गोष्ट मात्र माझ्यासारख्या शिवणकाम करणाऱ्यांनी पक्की ध्यानात ठेवावी. आपल्याला प्रत्येक शिलाईवर इस्त्री फिरवायची सवय असते. ॲक्रिलिकवर तापलेली इस्त्री टेकवली की टाक्यांचा फुगीरपणा जातो, कापड लोळागोळा होतं आणि पुन्हा कधीच पहिल्यासारखं होत नाही. खऱ्या लोकरीचं दुखणं वेगळं, ती गरम पाण्यात चोळून धुतली की आटून घट्ट जमते.

टाके घालायची पद्धत जिजी एकच शिकवतात, अंगठ्यावर धागा घेऊन. जितकी रुंदी हवी त्याच्या साधारण तिप्पट धागा आधी सोडायचा, तिथे पहिली गाठ, आणि मग एकेक टाका. ही कड लवचीक होते आणि दिसायलाही नेटकी. मग सुलट टाका. धागा कामाच्या मागे, उजवी सुई टाक्यात पुढून मागे घालायची, धाग्याचा वेढा द्यायचा, वेढा टाक्यातून बाहेर काढायचा, जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्यायचा. उलट टाक्याला धागा कामाच्या पुढे, सुई उजवीकडून टाक्याच्या पुढच्या बाजूने आत. या दोन टाक्यांवर सगळं विणकाम उभं आहे. आणि खरं तर ते दोन नाहीतच. समोरून सुलट दिसतो तो मागून बघितला की उलट असतो. सुलट बाजूने बाणाच्या टोकासारखे दोन पाय दिसतात, उलट बाजूने आडवा मणी दिसतो. जिजी तुकडा उलटापालटा करून हे दाखवतात, आणि एकदा डोळ्याला दिसलं की पुढे ‘आता सुलट घ्यायचा की उलट’ हे सुईवरच्या टाक्याकडे बघून कळतं, कागद लागत नाही.

पहिला तुकडा सगळ्या सुया सुलट. सुईवरचे सगळे टाके एकदा विणून झाले की ती ‘एक सुई’, म्हणजे एक ओळ. जाणारी सुई सुलट, येणारीही सुलट. आडव्या वरंब्यांचं जाड, मऊ कापड होतं, दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं आणि जमिनीवर ठेवलं की सपाट पडून राहतं. एक वरंबा म्हणजे दोन सुया, त्यामुळे मोजायलाही सोपं. हे कापड उभं चांगलं ताणलं जातं. तेवढ्याच लांबीला सुया जास्त लागतात, लोकर जास्त जाते, पण ऊबही जास्त मिळते. नव्या बाईचा हात बसायला याच्यासारखी दुसरी वीण नाही.

याच तुकड्यावर हाताचा ताण सुधारतो. माझा हात शिलाईचा, धागा खेचून घट्ट करायची सवय. टाके इतके आवळले जायचे की सुई आत शिरेना. जिजी शेजारी येऊन बसल्या, माझ्या तर्जनीवरचा धागा सैल केला आणि म्हणाल्या, ‘इतला वढू नको वं. त्याले जाऊ दे.’ टाक्याचं माप सुईने ठरवायचं असतं, हाताने ओढून नाही, हे त्यांनी सुईच्या टोकाऐवजी जाड भागावर टाका नेऊन दाखवलं. शिलाईतून येणाऱ्या बायकांच्या हातात हा दोष असतोच, आणि त्यावर त्या वैतागत नाहीत.

दुसरा तुकडा एक सुई सुलट, एक सुई उलट. आपण बाजारात बघतो तो स्वेटरचा गुळगुळीत पोत हाच. तुकडा पूर्ण झाला आणि सतरंजीवर ठेवला की तो गुंडाळला जातो. खालची-वरची कड सुलट बाजूकडे वळते, उभ्या कडा उलट बाजूकडे वळतात. वर्गातल्या बऱ्याच जणींना वाटलं आपलं काही चुकलं. मला मात्र आनंद झाला, कारण हे कोडं मला फार दिवसांचं होतं. टी-शर्टचं होजिअरीचं कापड कापलं की कड अशीच वळते. आडवं ताणलं की कापलेली कड सुलट बाजूला गुंडाळते, सुलट-उलट ओळखायची खूण म्हणून आम्ही शिवणाऱ्या ती वापरतोही. टी-शर्टचं कापड म्हणजे हीच वीण, बारीक धाग्याची आणि यंत्रावरची, हे मला या सतरंजीवर कळलं. धागा वेढ्यात वाकवलेला असतो, तो सरळ व्हायला बघतो. समोर सगळे सुलट आणि मागे सगळे उलट असल्यामुळे त्याला अडवणारं कुणी नसतं, म्हणून कड वळते. इस्त्री मारून किंवा ओढून ते जात नाही. उपाय विणीतच करायचा, चारही बाजूंना चार-पाच टाक्यांची सगळी सुलट पट्टी ठेवायची किंवा खाली बॉर्डर घ्यायची.

विणलेलं कापड आणि मागावरचं कापड यातला फरकही इथेच उमगला. मागाच्या कापडात उभा धागा आणि आडवा धागा असतो. सरळ ओढलं तर ते हलत नाही, फक्त उरेब, म्हणजे तिरकं, ताणलं जातं, म्हणून गळ्याला आपण उरेब पट्टी लावतो. लोकरीच्या विणीत एकच धागा, वेढ्यातून वेढा काढत पुढे गेलेला. त्यामुळे ते सगळीकडे ताणलं जातं आणि सोडलं की परत येतं. आणि त्यामुळेच एक टाका सुटला की तो सरळ खाली शिडी करत जातो. जिजी मुद्दाम एक टाका सोडायला लावतात, चार-पाच सुया खाली जाऊ देतात आणि क्रोशाच्या सुईने पायरी पायरी वर उचलायला शिकवतात. हे शिकलेली बाई पुढे टाका निसटला म्हणून सगळं काम उसवत बसत नाही.

तिसरा तुकडा बॉर्डरचा, एक सुलट एक उलट. सर्वांत जास्त अडचण इथे येते, कारण एकाच सुईत धागा पुढे-मागे करावा लागतो. सुलट झाल्यावर धागा दोन सुयांच्या मधून पुढे आणायचा, उलट झाल्यावर मधूनच मागे न्यायचा. तो सुईच्या वरून आला की एक जास्तीचा वेढा पडतो, टाके वाढतात आणि भोक दिसतं. जिजी म्हणून प्रत्येक सुईच्या शेवटी टाके मोजायला लावतात. तेच भोक जाणून-बुजून पाडलं आणि पुढचे दोन टाके एकत्र विणले की जाळी होते, पण ती पुढच्या महिन्यात.

बॉर्डरच्या विणीत सुलट टाक्यांच्या उभ्या रांगा पुढे येतात, उलट टाक्यांच्या मागे जातात. कापड स्वतःच आत दाबलं जातं, ताणलं की दुप्पट होतं, सोडलं की परत मिटतं. मनगट, कंबर, गळा, कानटोपीची कड, जिथे अंगाला धरून बसायला हवं तिथे ही वीण. मी नंतर थोडं वाचलं. इंग्लंडमध्ये विल्यम ली यांनी 1589 मध्ये मोजे विणायचं पहिलं यंत्र केलं, पण त्यावर साधी गुळगुळीत वीणच होत असे. बॉर्डरची ही लवचीक वीण यंत्रावर यायला अठराव्या शतकाचा मध्य उजाडला, जेडेडाया स्ट्रट यांनी त्यासाठी जास्तीच्या सुयांचं जोडकाम केलं. हाताने विणणारी बाई जे धागा नुसता पुढे-मागे करून साधते त्याला यंत्राला एवढा काळ लागला, हे वाचून त्या तुकड्याची किंमत मला जास्तच वाटली. जिजींची याबाबत एक सूचना फार उपयोगाची आहे. बॉर्डर 10 नंबरच्या सुईवर विणायची आणि पुढचं अंग 8 नंबरवर. आणि गळ्याचे टाके बंद करताना सैल हाताने किंवा जाड सुईने करायचे, नाहीतर बॉर्डर कितीही लवचीक असो, डोकं आत जात नाही.

चौथा तुकडा साबुदाणा. टाके विषम घ्यायचे, 21. प्रत्येक सुई सुलटने सुरू, एक सुलट एक उलट, सुलटनेच शेवट. पुढच्या सुईत उलट दिसेल त्यावर उलट येत नाही, सुलट येतो आणि त्याने मणी पडतो. बॉर्डरमध्ये दिसेल तसं विणायचं, साबुदाण्यात दिसेल त्याच्या विरुद्ध. फरक एवढाच आहे, पण कापड पूर्ण वेगळं. दाणेदार, भरीव, न वळणारं, दोन्ही बाजूंनी सारखं. मला सर्वांत जास्त आवडलेला पोत हाच.

पाचवा चटईचा, चार सुलट चार उलटचे चौकोन. 20 टाके, चार सुया झाल्या की अदलाबदल. इथे जिजी एक बारीक गोष्ट दाखवतात. चार टाके आणि चार सुया घेतल्या तर चौकोन बसका दिसतो, कारण टाका उंचीपेक्षा रुंदीला जास्त असतो. मध्यम लोकरीत 4 मिलिमीटरच्या सुईवर 10 सेंटिमीटरला साधारण 22 टाके बसतात आणि सुया मात्र 28-30 लागतात. खरा चौकोन हवा तर पाच-सहा सुया विणायच्या. माप काढायचं तेही असंच, तुकड्यावर टेप ठेवून टाके आणि सुया मोजायच्या, मग छातीच्या मापाने गुणाकार. ब्लाउजचं कटिंग करणाऱ्या बाईला हा हिशेब लगेच पटतो. इतरांना जिजी वहीत मांडून देतात.

आपण कापसाच्या मुलखातले, म्हणून मी विचारलं की सुती धाग्यावर हेच का शिकवत नाही. त्यांनी मला सुती धाग्याची बॉर्डर विणायला दिली. ताणली ती ताणलेलीच राहिली, कारण सुताला लोकरीसारखी परत यायची ओढ नसते. पण साबुदाणा सुतावर फार सुंदर उठला. उन्हाळ्यातल्या बाळाच्या टोपीला, हातपुसण्याला सुती धागा घ्या, बॉर्डरवर भरवसा ठेवू नका, हे त्यांचं म्हणणं मी हाताने तपासलेलं आहे.

आता काय कमी पडतं तेही लिहिते. खोली लहान आहे, आठवी बाई दाराशीच बसते. वीज गेली की ढगाळ दिवशी उजेड पुरत नाही. छापील नमुने वाचायला त्या शिकवत नाहीत. इंग्रजी पुस्तकातल्या खुणा आणि चौकटींचे तक्ते शिकायचे असतील तर दुसरीकडे बघावं लागेल. डाव्या हाताने काम करणाऱ्या एका मुलीला सुरुवातीला जड गेलं, शेवटी जिजींनी तिला शेजारी न बसवता अगदी समोर बसवलं, मग तिला आरशात बघितल्यासारखं जमलं. क्रोशा शिकवत नाहीत. आणि तो पहिल्या महिन्याचा नियम. आमच्यातल्या दोघी त्यामुळेच सोडून गेल्या. एकीच्या सुनेचं बाळंतपण जवळ आलं होतं आणि तिला घाईने कुंची-मोज्यांचा सेट हवा होता. तिची गरज खरी होती. अशा बाईसाठी जिजींनी नियम थोडा सैल करायला हवा, असं मला मनापासून वाटतं आणि मी ते त्यांना बोलूनही दाखवलं आहे. ज्यांना एकच वस्तू एकदाच करायची आहे त्यांनी इथे येऊ नये. ज्यांना पुढे स्वतःच्या मनाने विणायचं आहे त्यांच्यासाठी हा महिना वाया जात नाही.

माझी पहिली वस्तू मफलर. आमच्याकडे शेतीची लाईट पुष्कळदा रात्रीची असते. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा एक आकडी होतो आणि गडीमाणसं गव्हा-हरभऱ्याला पाणी भरायला मध्यरात्री बांधावर जातात. विकतचा मफलर गुळगुळीत विणीचा असला की दोन धुण्यांत त्याच्या कडा गुंडाळून त्याची दोरी होते आणि कान उघडे पडतात. कुठली वीण घ्यायची हे मला जिजींना विचारावं लागलं नाही. साबुदाणा घेतला, म्हणजे कड वळणार नाही, उलट-सुलट बघून गुंडाळायची भानगड नाही, अंधारातही कसाही घेता येतो. दोन्ही टोकांना सगळ्या सुलट सुयांची पट्टी. 31 टाके, 8 नंबरची सुई. कानावर घट्ट बसणारी टोपी मात्र बॉर्डरच्या विणीतच केली.

दिवाळीनंतरच्या बॅचला जागा लवकर भरतात, म्हणून दसऱ्याच्या सुमारास देवपुरात जाऊन नाव सांगून ठेवा. सोबत 8 आणि 10 नंबरच्या सुयांची एकेक जोडी, फिक्या लोकरीचे दोन गुंडे, क्रोशाची एक सुई, टेप आणि वही न्या. गुंडे आग्रा रोडवरच्या दुकानांत घेतलेत तर एकाच लॉटचे आहेत ना, हे वेष्टणावरचा नंबर जुळवून बघा. रंग तोच वाटला तरी दोन लॉटमध्ये छटा वेगळी निघते, आणि ती दुकानातल्या दिव्याखाली दिसत नाही, उन्हात दिसते.